चौथ्या सोमवारची चिठ्ठी

“मॅडम जी, आपका कंप्यूटर मेरे पीछे क्यों पड़ा है?”

चंदीगडजवळ डेराबस्सीतल्या एका औषध कारखान्याच्या कँटीनमध्ये, शुक्रवारी सकाळी चहाच्या सुट्टीत, हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणाऱ्या होत्या जसविंदर कौर. वय चोपन्न, बांधा उंच, आवाज खणखणीत. बावीस वर्षं त्या इंजेक्शनच्या बाटल्या डोळ्यांनी तपासायचं काम करत होत्या. येत्या सोमवारपासून त्यांना त्या खुर्चीवरून उठवून खोकी भरायच्या खात्यात पाठवणार होते, कारण वर्षात दोनदा त्या तपासनीसांच्या परीक्षेत नापास झाल्या होत्या. आणि त्या परीक्षेला कोणत्या सोमवारी कुणी बसायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम माझा होता.

“जसविंदरजी, कंप्यूटर किसी के पीछे नहीं पड़ता,” मी हसून म्हटलं. “उसको पता भी नहीं आप कौन हो.”

“फिर तेरह बार मैं ही क्यों?”

तेरा हा आकडा मी ऐकला आणि कानाआड केला. माझ्या बॅगेत लॅपटॉप होता, लॅपटॉपमध्ये चोवीस स्लाइड होत्या आणि त्यांचा विषय होता ‘रँडम म्हणजे काय’. मी समजून घ्यायला गेलेच नव्हते, समजावून सांगायला गेले होते.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी मूळची मिरजेची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि हवाई दलातल्या माणसाशी लग्न केलं. त्यामुळे गेली वीस वर्षं जिथे नवऱ्याचं पोस्टिंग तिथे माझी नोकरी. सध्या चंदीगड. आयटी पार्कमधल्या एका लहानशा कंपनीत मी स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर आहे. म्हणजे लोक आपले आकडे आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही ते चाळून त्यातून काय निघतं ते सांगतो. मला माझं काम येतं. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणे सांगणाऱ्या बाईचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलेलं मी बऱ्याच ऑफिसांत पाहिलेलं आहे.

आता त्या कारखान्याचं काम. तिथे इंजेक्शनची औषधं बनतात. औषध भरलेल्या छोट्या काचेच्या बाटलीला तिथे वायल म्हणतात. प्रत्येक वायल बाहेर जाण्यापूर्वी कुणीतरी ती दिव्यासमोर धरून बघतं. काचेला चीर आहे का, आत एखादा धागा किंवा कण तरंगतोय का, झाकण नीट बसलंय का. हे काम बायका करतात. अशी पाच टेबलं आहेत आणि एका टेबलावर चार सीट. सीटना नंबर आहेत, एक ते चार, आणि ते ज्येष्ठतेने दिलेले आहेत. सगळ्यांत जुनी बाई एक नंबरला, सगळ्यांत नवी चारला.

या तपासणाऱ्यांचीही तपासणी होते. दर सोमवारी प्रत्येक टेबलावरून एकीला बोलवायचं आणि तिच्यासमोर शंभर वायलचा ट्रे ठेवायचा. त्यात काही वायल मुद्दाम खराब ठेवलेल्या असतात. किती आणि कुठल्या, हे फक्त क्वालिटीवाल्यांना ठाऊक. ठरावीक प्रमाणाच्या वर सुटल्या की नापास. वर्षात दोनदा नापास झालं की खुर्ची गेली.

पूर्वी दर सोमवारी कुणाला बोलवायचं हे सुपरवायझर गुरमीत ठरवायचा. मग काय, ज्या बाईचं त्याच्याशी वाजलं ती लागोपाठ दोन सोमवार, आणि जी गोड बोलली ती सुटली, अशी बोंब झाली. खरं किती, खोटं किती, देव जाणे. क्वालिटी विभागाचे प्रमुख भल्ला साहेब वैतागले आणि त्यांनी आमच्या कंपनीला सांगितलं की हे माणसाच्या हातातून काढून घ्या.

आमच्या धंद्यात याला सँपलिंग म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा, तेच. फक्त शीत कुठलं उचलायचं हे उचलणाऱ्याने ठरवायचं नाही. त्यात दोन प्रकार असतात. एकात उचललेली चिठ्ठी परत डब्यात टाकतात, म्हणजे तेच नाव पुन्हा येऊ शकतं. दुसऱ्यात परत टाकत नाहीत. दुसरा प्रकार आपल्या बायकांना शिकवायलाच नको. भिशी घ्या. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात, दर महिन्याला एक उचलायची, जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी बाजूला. सगळ्यांची पाळी झाली की सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा डब्यात आणि नवी फेरी सुरू. भल्ला साहेबांना नेमकं हेच हवं होतं. चार सीट, चार सोमवार, एक फेरी. फेरीत प्रत्येकीची एकदा परीक्षा, पण कुठल्या सोमवारी ते कुणालाच आधी कळणार नाही.

असा प्रोग्रॅम लिहायला मला अर्धा दिवस लागला. तो खूपच सोपा होता. दर फेरीच्या सुरुवातीला यादी भरायची, दर सोमवारी त्यातून एक काढायचा, काढलेला यादीतून वजा करायचा, चार सोमवार झाले की पुन्हा पहिल्यापासून. काम देताना मी मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं, “लिस्ट में जो आएगा वही होगा. गलत लगे तो भी कोई नहीं बदलेगा.” भल्ला साहेबांनी ते कारखान्याच्या लेखी नियमांत घातलं. मला फार बरं वाटलं होतं.

नऊ फेऱ्या झाल्या आणि मग तक्रार आली. जसविंदर कौर म्हणत होत्या की गुरमीतने कंप्यूटरवाल्यांना फितवलंय. त्यांच्याच टेबल तीनवर, जिथे त्या एक नंबरला होत्या, चार नंबरला प्रीती नावाची नवी मुलगी बसत होती, ती गुरमीतच्या गावची. भरतीच्या वेळची परीक्षा सोडली तर दोन महिन्यांत तिला एकदाही बोलावलेलं नव्हतं. बायकांनी दोन आणि दोन पाच करून टाकले होते. आमचे बॉस अरोरा मला म्हणाले, “मॅडम, जाओ, थोड़ा प्रॉबेबिलिटी समझा दो. आप अच्छा समझाती हो.”

तर मी समजावत होते. कँटीनच्या भिंतीवर स्लाइड पडत होत्या. टेबल तीनच्या चौघी, गुरमीत आणि भल्ला साहेब समोर बसलेले. मी नाणं उडवून दाखवलं. लागोपाठ पाचदा छापा येऊ शकतो, म्हणून नाणं खोटं ठरत नाही, असं सांगितलं. माणसाच्या मनाला जिथे काही नसतं तिथेही नक्षी दिसते, असंही सांगितलं. प्रीती मान खाली घालून बसली होती. बाकीच्या दोघी तिच्यापासून एक खुर्ची सोडून.

जसविंदरजींनी अकराव्या स्लाइडपर्यंत ऐकून घेतलं. मग उठल्या.

“मॅडम जी, आपने हमारा काम देखा है?”

“पढ़ा है,” मी म्हटलं.

“पढ़ा है,” त्यांनी मान डोलावली. “साहब, मॅडम को एक ट्रे लगा दो ना.”

भल्ला साहेबांना वाटलं मी नको म्हणेन. मी कशाला नको म्हणतेय. चष्मा नवा, नजर चांगली, बाटल्याच तर बघायच्या. टोपी, गाऊन, मास्क, सगळा जामानिमा करून मला सरावाच्या खोलीत बसवलं. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा आणि वर पांढरा दिवा. वायल मानेला धरायची, हलकेच गोल फिरवायची, आधी काळ्यासमोर बघायची, मग पांढऱ्यासमोर. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. प्रत्येकीला मोजून काही सेकंद. हे मला जसविंदरजींनीच दाखवलं, आणि फार छान दाखवलं. दाखवताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला कळलं की टेबल तीनवरच्या सगळ्या बायका यांच्याकडूनच शिकल्या असणार.

पंधराव्या वायलला माझे डोळे चुरचुरायला लागले. तिसाव्यानंतर प्रत्येक वायलमध्ये मला कण दिसायला लागला. साठाव्यानंतर कशातच काही दिसेना. शंभर संपल्या तेव्हा मान आखडली होती. भल्ला साहेबांनी कागद तपासला आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की खराब वायलपैकी निम्म्याहून जास्त मी चांगल्या म्हणून पुढे ढकलल्या आहेत. उलट, धडधडीत चांगल्या सात वायल बाद केल्या आहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

“ये मैं तेरह बार दे चुकी,” जसविंदरजी म्हणाल्या. “ग्यारह बार पास.”

आता मात्र मी विचारलं, “तेरह कैसे? नौ राउंड हुए हैं. नौ बार होना चाहिए.”

हे मी दीड तासापूर्वी विचारायला हवं होतं. कुणीही विचारलं असतं. चिठ्ठी परत न टाकण्याचा नियम असेल, तर एका फेरीत एक नाव दोनदा येण्याची शक्यता कमी नसते, ती शून्य असते. नाणं, छापा, मनाला दिसणारी नक्षी, कशाचाही इथे संबंध नव्हता. आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, चोवीस स्लाइड घेऊन आले होते. मला लाज वाटली. खरंच वाटली.

जसविंदरजी आपल्या लॉकरमधून खिशात मावेल असं एक कॅलेंडर घेऊन आल्या. ज्या ज्या सोमवारी त्यांची परीक्षा झाली, त्या तारखेभोवती पेनने गोल. तेरा गोल. त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

“देखो. जब भी दूसरी बार मेरा नंबर आया, चौथे सोमवार को आया. पहले, दूसरे, तीसरे में कभी नहीं. हर बार चौथा.”

मी बघितलं. चार जादा गोल, चारही चौथ्या सोमवारी.

“हमारे मोहल्ले में कमेटी चलती है,” त्या म्हणाल्या. कमेटी म्हणजे तिकडची भिशी. “मैं ही चलाती हूँ. आखरी महीने में हम पर्ची निकालते ही नहीं. एक ही नाम बचा है, सबको पता है किसका. आपका कंप्यूटर आखरी पर्ची भी निकालता है क्या?”

“निकालता है,” मी म्हटलं.

“तो एक पर्ची में से मेरा नाम कैसे निकल आया?”

मी भल्ला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन लॅपटॉप उघडला. भल्ला साहेब माझ्या मागे उभे राहिले. घोडं कुठे पेंड खातंय ते आता मला ठाऊक होतं, फक्त का खातंय ते बघायचं होतं. मी चौथ्या सोमवारची नक्कल केली. यादीत एकच सीट उरली आहे, चार नंबरची. प्रोग्रॅमला म्हटलं, यातून एक काढ. उत्तर यायला हवं चार.

आलं दोन. पुन्हा चालवलं. एक. पुन्हा. चार. पुन्हा. एक.

“ये क्या है?” भल्ला साहेब म्हणाले.

ते काय आहे ते सांगते. आम्ही संख्याशास्त्रवाले जी भाषा वापरतो तिचं नाव आर. तिच्यात सँपल नावाची आज्ञा आहे. तिला यादी दिली की ती यादीतून काढून देते. पण यादीत एकच वस्तू असेल आणि ती वस्तू आकडा असेल, तर तिची समजूत होते की बाईंना एकपासून त्या आकड्यापर्यंतची यादी हवी आहे. चार दिला की ती एक, दोन, तीन, चार यांतून एक उचलते. ही सोय म्हणून ठेवलेली आहे. लपवलेली नाही, त्या आज्ञेच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेली आहे. ते पान मी पंधरा वर्षांपूर्वी वाचलं होतं. पंधरा वर्षांत माणूस स्वतःच्या लग्नातलं जेवणसुद्धा विसरतो, पण ही सबब नव्हे.

मग पाहा काय होतं. शेवटी चार नंबर उरली, तर एक ते चारमधली कुणीही निघू शकते. तीन उरली, तर एक ते तीन. दोन उरली, तर एक किंवा दोन. एक नंबर प्रत्येक वेळी त्या घोळात आहे. चार नंबर मात्र स्वतः उरली तरच, आणि तेव्हाही बहुतेक सुटते. म्हणजे सगळ्यांत जुन्या बाईला जादा परीक्षा आणि सगळ्यांत नवीला सूट. गुरमीतने काही केलं नव्हतं आणि प्रीतीनेही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर फाशीचं पत्र माझ्याच प्रोग्रॅमने छापलं होतं.

तुम्ही विचाराल, बाई, तुम्ही तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. ऑफिसातल्या चार मैत्रिणींची नावं घालून शंभर फेऱ्या चालवल्या होत्या. एकही चूक नाही. कारण नावाला हा घोळ होत नाही. एकपासून प्रीतीपर्यंत असं काही मोजता येत नाही. मग शेवटच्या दिवशी भल्ला साहेबांचा निरोप आला की यादीत बायकांची नावं नकोत, सीट नंबर घाला. मी नावं काढली, नंबर घातले. म्हटलं, काय फरक पडतो. पुन्हा चालवून पाहिलं नाही.

आणि चौथ्या सोमवारी जसविंदर कौर दुसऱ्यांदा लागली हे गुरमीतला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. त्याने मला बिचकत बिचकत सांगितलं, “मॅडम, आपने ही बोला था, गलत लगे तो भी नहीं बदलना.”

मी पाचही टेबलांच्या नऊ फेऱ्या काढल्या. सगळीकडे तेच. टेबल तीनवर जसविंदरजींची पहिली चूक नियमाने आलेल्या परीक्षेत झाली होती. दुसरी, जिच्यामुळे त्यांची खुर्ची जात होती, ती नवव्या फेरीच्या चौथ्या सोमवारी. त्या फेरीतली त्यांची परीक्षा पहिल्याच सोमवारी होऊन गेली होती आणि त्या पास झाल्या होत्या. दुसरी परीक्षा व्हायलाच नको होती.

“वो तो ठीक है,” भल्ला साहेब म्हणाले. “लेकिन फेल तो फेल है. चटकी हुई वायल यह नहीं पूछती कि आपको किसने बुलाया था. उन्होंने मिस किया. दवाई किसी मरीज को लगनी है.”

मुद्दा बिनतोड होता. माणूस वाईट नव्हता, त्याला मरीज दिसत होता. मी कागद पुढे ओढला.

“सर, दोन नंबरच्या नऊ परीक्षा झाल्या, एकदा नापास. तीन नंबरच्या आठ, एकदा नापास. जसविंदरजी नियमाच्या नऊ परीक्षांत एकदा नापास.” हे मी अर्थात हिंदीत बोलले. “आपका रूल कहता है दो गलती. कितनी परीक्षा में दो, यह नहीं कहता, क्योंकि रूल बनाते समय मान लिया था कि सबकी बराबर होंगी. नौ के गज से आपने तेरह नापा है. दो नंबर को चार बार और बिठाओ, फिर देखते हैं.”

त्यांनी कागदावरचे आकडे बोटाने पुन्हा मोजले. मग म्हणाले, “ठीक है. वो फेल कॅन्सल. सोमवारी त्या आपल्याच सीटवर.” साहेबांना मराठी येत नाही, पण निकाल मी माझ्या भाषेतच ऐकला, इतका जीव भांड्यात पडला.

इथे ही गोष्ट संपली असती. पण भल्ला साहेबांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. पुढच्या महिन्यात परदेशातून ऑडिट होतं. प्रोग्रॅम चुकीचा होता असं लेखी आलं, की नऊ महिन्यांच्या सगळ्या परीक्षांवर प्रश्न येणार. ज्यांच्या परीक्षा राहिल्या त्यांनी तपासलेला माल गोदामात अडकणार. तर असं करू, ते म्हणाले, आपण सॉफ्टवेअर अपडेट झालं म्हणून सांगू. मॅनेजमेंटने जसविंदरच्या वयाचा आणि सेवेचा विचार करून हा एक निकाल रद्द केला, असं म्हणू. सगळे खूश.

मी अरोरांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, क्लायंट खुद बोल रहा है. ले लो.”

खोटं कशाला बोलू, मलाही दोन मिनिटं ते बरं वाटलं. चूक दुरुस्त, बाई खुर्चीवर, माझं नाव कुठेच नाही. सुंठेवाचून खोकला गेला. मी लॅपटॉप मिटून बाहेर आले.

मी फोनवर असतानाच भल्ला साहेबांनी गुरमीतला सांगितलं होतं आणि त्याने घाई करून बाहेर ते कळवलंही होतं. जसविंदरजी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“कहते हैं मुझे माफ़ कर दिया.”

मी लॅपटॉप बॅगेत घालायला लागले.

“मॅडम जी, मैंने माफ़ी नहीं माँगी. लड़कियाँ कहेंगी बुढ़िया की आँख गई, साहब ने तरस खाकर रख लिया. मुझे बस इतना बता दो, मेरी आँख में फर्क है या आपके कंप्यूटर में?”

त्या रडत नव्हत्या. बावीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांना बघायला शिकवलं, ती आपली नजर शाबूत आहे का हे मला विचारत होती, आणि उत्तर फक्त माझ्याकडे होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी तशीच वळले आणि केबिनचं दार न वाजवता आत गेले.

“सर, मी लिहून देते. माझ्या नावाने,” मी म्हटलं, मराठीतच. मग भानावर येऊन हिंदीत पुन्हा सांगितलं.

“ऑडिट में पकड़े जाएँगे.”

“ऑडिटर को कॅलेंडर मिल गया तो? उनके लॉकर में है. पूरा हिसाब लिखा हुआ.” हे मी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते लागायचं तिथे लागलं. “और सर, प्रीती की परीक्षा दो महीने से हुई नहीं है. आप ही बोले थे, दवाई मरीज को लगनी है.”

भल्ला साहेबांनी खुर्चीला पाठ टेकवली, डोळे चोळले आणि ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी पाचही टेबलांच्या वीस बायकांसमोर उभी राहिले. या वेळी स्लाइड नव्हत्या. चार चिठ्ठ्या केल्या, तीन काढल्या आणि सांगितलं की शेवटची चिठ्ठी काढायची नसते हे तुम्हाला कळतं, माझ्या प्रोग्रॅमला कळत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. चूक माझी. गुरमीतची नाही, प्रीतीची नाही. जसविंदरजींची नजर त्यांच्या टेबलावरच्या इतर कुणाच्याही नजरेइतकीच चांगली आहे, फक्त त्यांना चार वेळा जादा विचारलं गेलं. मागून एकीने विचारलं, “तो मॅडम, अब सोमवार को कौन?” आणि सगळ्या हसल्या.

राहिलेल्या परीक्षा शनिवारी घेतल्या. प्रीती पास झाली. दोन महिने तिच्या डब्यातलं कुणी खाल्लं नव्हतं, त्या दिवशी दोन नंबरच्या बाईने तिच्याकडून लोणचं मागून घेतलं. गोदामातला माल पुन्हा तपासला गेला, त्यात पाच दिवस गेले आणि भल्ला साहेब पाच दिवस माझ्याशी इंग्रजीत बोलले. कारखान्याने काम आमच्याकडे ठेवलं, पण एक अट घालून: यापुढे माझा प्रत्येक प्रोग्रॅम बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचा. अट योग्य होती. मी सही केली. तरीही सांगते, मला माझं काम येतं. आता जरा जास्त येतं.

तो फॉर्म राहिला. नियमाबाहेर काही घडलं की तिथे डेव्हिएशन नावाचा फॉर्म भरतात. काय घडलं, का घडलं, कुणाच्या लक्षात आलं. ‘का घडलं’ समोर मी माझं नाव आणि माझी चूक लिहिली. ‘कुणाच्या लक्षात आलं’ समोर भल्ला साहेबांनी सवयीने क्वालिटी विभाग असं लिहून टाकलं होतं.

“सर, यह आपने नहीं पकड़ा था. मैंने भी नहीं,” मी म्हटलं.

“ऑपरेटर का नाम यहाँ कभी नहीं लिखते.”

“इस बार लिखिए.”

त्यांनी आपलं लिहिलेलं एका रेघेने खोडलं, बाजूला सही केली आणि लिहिलं: जसविंदर कौर, टेबल तीन, सीट एक. ज्याचं नाव फॉर्मवर असतं त्याची सही लागते, म्हणून त्यांना बोलावलं. फॉर्म इंग्रजीत होता. त्यांनी प्रीतीला हाक मारली आणि वाचायला लावलं. प्रीतीने वाचून हिंदीत सांगितलं: चूक प्रोग्रॅममध्ये होती आणि ती जसविंदर कौर यांनी शोधली.

“फिर से पढ़,” जसविंदरजी म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचलं. जसविंदरजींनी पदराने, म्हणजे दुपट्ट्याच्या टोकाने, डोळे पुसले, गुरुमुखीत सही केली आणि सुट्टी संपली म्हणून टेबलाकडे निघून गेल्या.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. प्रोग्रॅम भरलेल्या यादीवर चालला म्हणजे चालला असं धरायचं नाही. यादीत शेवटचं एकच माणूस उरलं की तो काय करतो, ते बघायचं. आणि त्याने काढलेलं नाव कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लागण्याआधी बघायचं.